मधल्या पदाची फोड: जोडी शोधायची कशी, आणि ती चालते तरी का?

निशिगंधा_प

लेक यंदा दहावीत आहे. राज्य मंडळ, मराठी माध्यम. वर्गसमीकरणांच्या धड्यात अवयव पद्धतीपाशी आमचं घोडं अडलंय. क्ष² + ७क्ष + १२ असलं काही आलं की ती तोंडीच सांगते, ३ आणि ४, झालं. पण क्ष² च्या मागे सहगुणक आला की नुसती चिडचिड.

उदाहरणार्थ ६क्ष² + क्ष − १२. पद्धत अशी सांगितली आहे: पहिल्या आणि शेवटच्या सहगुणकांचा गुणाकार करा, −७२ आला. आता −७२ चे असे दोन अवयव घ्या की त्यांची बेरीज मधल्या पदाच्या सहगुणकाइतकी, म्हणजे १ येईल. ९ आणि −८. मग

६क्ष² + ९क्ष − ८क्ष − १२
= ३क्ष(२क्ष + ३) − ४(२क्ष + ३)
= (२क्ष + ३)(३क्ष − ४)

उत्तर बरोबर आहे, तक्रार नाही. पण कन्येचा प्रश्न: "६ आणि १२ दोन टोकांना बसलेत, त्यांचा एकमेकांशी गुणाकार का करायचा? कोणी ठरवलं?" मी बी.कॉम.वाली. "असंच असतं" हे उत्तर मला माझ्या बाईंनी दिलं होतं, तेच पुढे सरकवायचं जिवावर आलं.

दुसरा प्रश्न माझा. २४क्ष² − ४१क्ष + १२ मध्ये गुणाकार २८८ येतो. पोरगी १×२८८, २×१४४, ३×९६ अशी यादी लिहीत बसते. परीक्षेत एवढा वेळ असतो का? काही आडवाट आहे का?

(एक्ससाठी कीबोर्ड बदलायचा कंटाळा, म्हणून क्ष. समजून घ्या.)


सरळवाकडा

सूत्र आहे ना. अ·क्ष² + ब·क्ष + क धरा, ब वर्ग वजा चार अ क, त्याचं वर्गमूळ, विषय संपला. अवयव पद्धत म्हणजे ज्याला उत्तर आधीच माहीत आहे त्याने घातलेलं कोडं.


फळा_खडू

निशिगंधाताई, मुलीचा प्रश्न उत्तम आहे. बत्तीस वर्षे शिकवले, हा प्रश्न विचारणारी मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटली.

अवयव पाडणे म्हणजे गुणाकार उलटा चालवणे. म्हणून आधी सुलटा करून पाहू. दोन कंस घेऊ, अक्षरांनीच:

(प·क्ष + फ)(त·क्ष + थ) = पत·क्ष² + पथ·क्ष + फत·क्ष + फथ

मधली दोन पदे पाहा. एकाचा सहगुणक पथ, दुसऱ्याचा फत. आपण त्यांची बेरीज करून एकच पद लिहितो आणि ते दोघे कोण होते हे विसरून जातो. आता या दोघांचा गुणाकार करा: प·थ·फ·त. आणि टोकांच्या सहगुणकांचा गुणाकार करा: पत × फथ. तीच चार अक्षरे, फक्त क्रम वेगळा.

म्हणजे मधल्या पदाचे हरवलेले दोन तुकडे कोणतेही असोत, त्यांचा गुणाकार टोकांच्या गुणाकाराइतकाच असणार. बेरीज समोर दिसतेच आहे. बेरीज ठाऊक, गुणाकार ठाऊक, तर संख्या शोधा. एवढेच चालले आहे. कोणी ठरवलेले नाही, कंस सोडवताना ते आपोआप घडते.

मुलीला हे वाचून दाखवू नका. (२क्ष + ३)(३क्ष − ४) चा गुणाकार तिलाच करू द्या आणि मधली पदे एकत्र करण्याआधी थांबवा. −८ आणि ९ तिला तिथेच दिसतील.

सूत्राबद्दल: प्रश्नात "अवयव पद्धतीने सोडवा" असे स्पष्ट लिहिलेले असते. तिथे सूत्राने आलेल्या उत्तराला पूर्ण गुणांची अपेक्षा धरू नये. आणि नुसत्या राशीचे अवयव मागितले असतील तर तिथे सोडवायला समीकरणच नसते.


रंधा_पटाशी

मास्तरांचं स्पष्टीकरण एक नंबर. त्यालाच दुसऱ्या बाजूने बघता येतं, मला ती बाजू जास्त पटते.

क्ष² चा सहगुणक १ असला की लेकीला जमतं ना? मग ६ ची अडचण काय? ६क्ष² हा कशाचा पूर्ण वर्ग नाही, ही. मग त्याला करूया पूर्ण वर्ग. सगळ्याला ६ ने गुणा:

३६क्ष² + ६क्ष − ७२

आता ६क्ष ला य म्हणा. झालं य² + य − ७२. हे तिला तोंडी येतं: (य + ९)(य − ८). य च्या जागी परत ६क्ष घाला: (६क्ष + ९)(६क्ष − ८). पहिल्या कंसातून ३ बाहेर, दुसऱ्यातून २ बाहेर, ते मिळून ६, आणि आपण उसने घेतलेले ६ फिटले. उरलं (२क्ष + ३)(३क्ष − ४).

७२ कुठून आला हे इथे उघड दिसतं. अ ने गुणल्यावर शेवटचं पद क चं अ·क होणारच.


टेक्सासमाय

इथे अमेरिकेत माझ्या मुलाला नेमकं हेच शिकवलं, पण कारण गाळून! नाव आहे "स्लाइड अँड डिव्हाइड". ६ ला उचलून शेवटच्या पदावर "घसरवायचं", क्ष² + क्ष − ७२ करायचं, (क्ष + ९)(क्ष − ८) पाडायचे, मग दोन्हीला ६ ने भागायचं: क्ष + ९/६ आणि क्ष − ८/६. संक्षिप्त रूप ३/२ आणि ४/३, मग छेद उचलून क्ष च्या मागे: (२क्ष + ३)(३क्ष − ४).

चालतं. पण ६क्ष² + क्ष − १२ आणि क्ष² + क्ष − ७२ या दोन वेगळ्या राशी आहेत, मध्ये बरोबरचं चिन्ह टाकता येत नाही, हे वर्गात कोणी बोललंच नाही. निम्मी मुलं भागायचं विसरतात आणि (क्ष + ९)(क्ष − ८) हेच उत्तर म्हणून देऊन येतात. रंधाभाऊंचा य मध्ये घातला की हा घोळ होत नाही, कारण य म्हणजे क्ष नव्हे हे लिहिलेलंच असतं.

चौकटीची पद्धतही असते इथे. दोन बाय दोनची चौकट, एका कोपऱ्यात ६क्ष², समोरच्या तिरक्या कोपऱ्यात −१२, उरलेल्या दोन घरांत ९क्ष आणि −८क्ष. प्रत्येक ओळीचा आणि उभ्या रांगेचा मसावि बाहेर लिहायचा. फोड तीच, फक्त चिन्हं चुकत नाहीत. माझ्या मुलाला हीच मानवली.


निशिगंधा_प

सर, गुणाकार करायला लावला. मधली पदं लिहून झाल्यावर दोन मिनिटं वहीकडे बघत बसली आणि मग "म्हणजे हे लपलेले होते" म्हणाली. खूप आभार. रंधादादांचा य तिच्यापेक्षा मलाच जास्त आवडला.

आता दुसरा प्रश्न. २८८.


मूळसंख्या

हा प्रश्न माझ्या आवडीचा. यादी करायची गरजच नाही. २८८ चे मूळ अवयव पाडा: २⁵ × ३². म्हणजे ३२ आणि ९.

आता मधल्या पदाकडे बघा, ४१. ही विषम आहे. समजा आपल्या जोडीतल्या दोन्ही संख्यांमध्ये २ हा अवयव असता, तर दोन्ही सम आणि बेरीजही सम आली असती. ती नाही. म्हणजे पाचही २ एकाच संख्येत जायला हवेत, दुसरीत एकही नाही. तोच न्याय ३ ला: ४१ ला ३ ने भाग जात नाही, म्हणून दोन्ही ३ एकाच संख्येत.

मग पर्याय उरले किती? ३२ आणि ९ वेगवेगळ्या बाजूंना, नाहीतर दोन्ही एकाच बाजूला, म्हणजे २८८ आणि १. बेरीज ४१ कुणाची, हे सांगायला नको. दोन्ही ऋण घ्या:

२४क्ष² − ३२क्ष − ९क्ष + १२
= ८क्ष(३क्ष − ४) − ३(३क्ष − ४)
= (३क्ष − ४)(८क्ष − ३)

२८८ ला अठरा विभाजक आहेत, म्हणजे नऊ जोड्या. नवांतल्या सात न लिहिताच बाद झाल्या.

उलट बाजूही तितकीच कामाची. एखाद्या मूळ संख्येने गुणाकारालाही भाग जातो आणि बेरजेलाही जातो, तर जोडीतल्या दोघांनाही जायलाच हवा. २०क्ष² + ४८क्ष + २७ घ्या. गुणाकार ५४०, म्हणजे २² × ३³ × ५. बेरीज ४८ ला २ नेही भाग जातो आणि ३ नेही. म्हणून दोघांना एकेक २ वाटून टाका. तिन्ही ३ एकाकडे जाऊ शकत नाहीत, एकाला एक आणि दुसऱ्याला दोन. इथवर झाले ६ आणि १८. उरला ५, तो कुणा एकाला: ३० आणि १८, किंवा ६ आणि ९०. बेरीज ४८ हवी. ३० आणि १८, संपलं. उत्तर (२क्ष + ३)(१०क्ष + ९).

गुणाकार ऋण असेल तर बेरजेच्या जागी वजाबाकी, बाकी सगळं तसंच. वरच्या ७२ मध्ये ८ आणि ९, मधलं पद १. जागच्या जागी.


कारकून_पुणेरी

च्यायला, हे शाळेत का नाही सांगितलं कुणी?


फळा_खडू

मूळसंख्या, सुरेख. मी वर्गात सम-विषमाचा भाग सांगत असे, ३ आणि ५ पर्यंत नेत नसे. आता शिकवणीच्या मुलांना सांगेन.


सरळवाकडा

सगळं छान आहे, पण एक हिशोब मांडू द्या. क्ष² + ब·क्ष + क. ब आणि क, दोन्ही १ ते १० मधल्या काहीही संख्या. एकूण शंभर त्रिपदी. यातल्या पूर्णांकांत फुटतात किती? म × न = क १० च्या आत आणि म + न = ब १० च्या आत. एक घेतला तर जोडीला १ ते ९, अशा नऊ. दोन घेतला तर जोडीला २, ३, ४, ५, अशा चार. तीनला फक्त ३. बेरीज चौदा.

शंभरात चौदा! पुस्तकात मात्र दर गणित फुटतं. म्हणजे पुस्तकवाले आधी कंस लिहितात, गुणाकार करतात आणि मुलांना देतात. बाहेरच्या जगात इमारतीच्या तुळईचं नाहीतर कर्जाचं समीकरण आलं की कधी फुटायचं नाही. मग त्या चौदांसाठी एवढी मेहनत?


रंधा_पटाशी

हिशोब बरोबर. निष्कर्षावर भांडू.

फुटेल की नाही हे आधी कळतं. विवेचक, म्हणजे तुझाच लाडका ब² − ४अक, काढ. पूर्ण वर्ग आला तर परिमेय अवयव पडतात, नाहीतर नाही. २४क्ष² − ४१क्ष + १२ मध्ये १६८१ − ११५२ = ५२९, हा २३ चा वर्ग. फुटणार.

आता गंमत बघ. आपली जोडी होती ३२ आणि ९. त्यांची वजाबाकी किती? २३. योगायोग नाही. (म + न)² − ४मन = (म − न)², इथे म + न म्हणजे ब आणि मन म्हणजे अक. म्हणजे विवेचकाचं वर्गमूळ हा जोडीतला फरकच आहे. बेरीज ४१, फरक २३, म्हणून संख्या (४१ + २३)/२ आणि (४१ − २३)/२. सूत्राचा अंश नेमका हाच. तू सूत्र वापरतोस तेव्हाही मधल्या पदाची फोडच करतोस, फक्त तुला ते माहीत नाही.

आणि जोडी सुचतच नसेल तर अंदाज न करता अशी काढता येते: बेरजेचं निम्मं करा, २०.५. एक संख्या तेवढी जास्त, दुसरी तेवढीच कमी, म्हणजे २०.५ + द आणि २०.५ − द. गुणाकार ४२०.२५ − द² = २८८. द² = १३२.२५, द = ११.५. म्हणून ३२ आणि ९. कार्नेगी मेलन विद्यापीठातले पो-शेन लो यांनी २०१९ मध्ये ही मांडणी लोकांपुढे आणली तेव्हा बराच गाजावाजा झाला होता. निम्मं करून वर्ग घ्यायची कल्पना मात्र बॅबिलोनची. ब्रिटिश म्युझियममध्ये बीएम १३९०१ नावाची मातीची विट आहे, तिच्यातलं पहिलंच उदाहरण: चौरसाचं क्षेत्रफळ आणि बाजू मिळवली तर पाऊण, बाजू किती? एकाचं निम्मं, त्याचा वर्ग पाव, पाऊण आणि पाव एक, एकाचं मूळ एक, त्यातून निम्मं वजा, उत्तर अर्धा.


गिरणाकाठ

बॅबिलोनपर्यंत गेलात, आता जरा चाळीसगावलाही या. पाटणादेवीच्या देवळातला शिलालेख शके ११२८ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, ही त्यातली नोंद. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला.

भास्कराचार्यांची बरीच कोडी वर्गसमीकरणाचीच. लीलावतीतले भुंगे: थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ मालतीच्या वेलीकडे गेलं, अख्ख्या थव्याचे आठ नवमांशही गेले, आणि एक भुंगा रात्री कमळात अडकून आतून गुणगुणतोय, बाहेरून त्याची भुंगी साद देतेय. थवा केवढा?

थवा क्ष धरलात तर वर्गमूळ घशात अडकतं. २क्ष² धरा. निम्म्याचं मूळ क्ष. मग क्ष + (१६/९)क्ष² + २ = २क्ष². नवाने गुणून आवरा: २क्ष² − ९क्ष − १८ = ०. टोकांचा गुणाकार −३६, बेरीज −९: −१२ आणि ३. (क्ष − ६)(२क्ष + ३) = ०. क्ष = ६, थवा ७२. (परत ७२! निशिगंधाताईंच्या धाग्याला या आकड्याचं वेड आहे.) उणे दीड सोडून द्यायचं.

त्यांच्याच 'बीजगणित' ग्रंथातली वानरं याहून मजेची. कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग वनात खेळतोय, बाकीची बारा टेकडीवर. (क्ष/८)² + १२ = क्ष, म्हणजे क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०, (क्ष − ४८)(क्ष − १६) = ०. ४८ ही चालतात आणि १६ ही चालतात, आणि भास्कराचार्य दोन्ही उत्तरं देतात. लगेच पुढचं: कळपाच्या पंचमांशातून तीन वजा करा, उरेल त्याचा वर्ग गुहेत गेला, एक वानर फांदीवर दिसतंय. क्ष² − ५५क्ष + २५० = ०, (क्ष − ५०)(क्ष − ५) = ०. इथे ते ५० घेतात आणि ५ नाकारतात. कारण पाचाचा पंचमांश एक, त्यातून तीन काढायचे कसे? आकडेमोडीत ५ बसतं, कळपात बसत नाही.

मात्र ते कंस पाडून सोडवत नाहीत हे खरं. दोन्ही बाजू पूर्ण वर्ग करून मूळ घेतात. त्यांच्या आधीचे गणिती श्रीधराचार्य यांची रीतही त्यांनीच उद्धृत केली आहे: दोन्ही बाजूंना ४अ ने गुणा आणि ब² मिळवा.


रंधा_पटाशी

वा! श्रीधराचार्य ४अ ने गुणतात, आपण वर अ ने गुणलं. दोघांचा हेतू एकच, पहिलं पद पूर्ण वर्ग करणं. त्यांचा ४ एवढ्यासाठी की मधल्या पदाचं निम्मं करताना अपूर्णांक येऊ नये.

आणि एक बाजू शून्य ठेवून दुसऱ्या बाजूला कंसांचा गुणाकार लिहायची रीत बरीच उशिराची. टॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १६३१ मध्ये छापलं गेलं, त्यात अशी मांडणी आहे. दहावीच्या धड्यात आधी शिकवतात ती अवयव पद्धत वयाने सगळ्यात धाकटी, आणि पूर्ण वर्ग पद्धत, जी मुलांना सगळ्यात नकोशी, ती पणजी.


वही_पेन

मी पण दहावीत आहे. √२क्ष² + ७क्ष + ५√२ याचे कसे पाडायचे? √ आलं की मला सुचतच नाही.


फळा_खडू

बाळा, घाबरायचे नाही. टोकांचा गुणाकार कर: √२ × ५√२ = १०. वर्गमूळ गेले! बेरीज ७. पाच आणि दोन.

√२क्ष² + ५क्ष + २क्ष + ५√२

खुबी पुढच्या पायरीत आहे. २क्ष मधला २ म्हणजे √२ × √२. म्हणून शेवटच्या दोन पदांतून √२ बाहेर येतो आणि आत √२क्ष + ५ उरते.

क्ष(√२क्ष + ५) + √२(√२क्ष + ५) = (√२क्ष + ५)(क्ष + √२)

आता ४√३क्ष² + ५क्ष − २√३ तू करून इथे लिही.

धाग्यावर आहेच तर उत्तरपत्रिकांत वर्षानुवर्षे पाहिलेल्या दोन गोष्टी सांगतो. पहिली, तिसरे पद ऋण असताना कंसाबाहेर उणे काढले की आतली दोन्ही चिन्हे बदलतात. −९क्ष + १२ मधून −३ काढल्यावर आत ३क्ष − ४ उरते, ३क्ष + ४ नव्हे. दोन कंस सारखे आले नाहीत तर जोडी चुकली असे समजून मुले सगळे खोडतात, चूक बहुधा या चिन्हात असते.

दुसरी जास्त खोल आहे. (क्ष − २)(क्ष − ३) = २ असे दिले की काही मुले लिहितात: क्ष − २ = २ किंवा क्ष − ३ = २, म्हणून क्ष = ४ किंवा ५. चार बरोबर येतो! पाच येत नाही. गुणाकार शून्य असेल तरच एक अवयव शून्य असणे भाग आहे. गुणाकार दोन असेल तर असा काही नियम नाही. कंस सोडवा, क्ष² − ५क्ष + ४ = ० करा, (क्ष − १)(क्ष − ४), उत्तरे १ आणि ४. मी हे गणित मुद्दाम परीक्षेत घालत असे, कारण एक उत्तर जुळल्यामुळे मूल हट्टाने भांडायला येते आणि मग ते जन्मभर विसरत नाही.


वही_पेन

(√३क्ष + २)(४क्ष − √३). गुणाकार −२४, जोडी ८ आणि −३. बरोबर ना सर?


फळा_खडू

शाब्बास. बरोबर.


निशिगंधा_प

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. आता कन्येकडून पुढचं. तिला घरच्या अभ्यासात क्ष² + ५क्ष + ६ आणि क्ष² + ५क्ष − ६ ही दोन्ही गणितं आली होती. दोन्ही फुटतात: (क्ष + २)(क्ष + ३) आणि (क्ष + ६)(क्ष − १). नुसतं चिन्ह बदललं तरी फुटतं, अशी आणखी आहेत का म्हणे. आम्ही ७ आणि १२ घेऊन पाहिलं, तिथे वजा केल्यावर फुटत नाही. दहा आणि २४ चालतात, पण ती ५ आणि ६ चीच वाढवलेली आवृत्ती वाटते.


सरळवाकडा

हे बरं आहे. शंभरात चौदा फुटणार, त्यातही दोन्ही चिन्हांनी फुटणारी किती सापडणार? शोधतो.


मूळसंख्या

निशिगंधाताई, तुमच्या लेकीने खजिन्यावर पाय ठेवलाय. भूमितीच्या वहीतला ३, ४, ५ चा काटकोन त्रिकोण काढायला सांगा. कर्ण किती? ५. क्षेत्रफळ किती? ३ × ४ / २ = ६.

५ आणि ६!

आता ५, १२, १३ घ्या. कर्ण १३, क्षेत्रफळ ३०.
क्ष² + १३क्ष + ३० = (क्ष + ३)(क्ष + १०)
क्ष² + १३क्ष − ३० = (क्ष + १५)(क्ष − २)

का होतं ते दोन ओळींत. त्रिकोणाच्या लहान बाजू प, फ आणि कर्ण ब. ब² = प² + फ², क = पफ/२. विवेचक ब² − ४क = प² + फ² − २पफ = (प − फ)². चिन्ह बदलल्यावर ब² + ४क = (प + फ)². दोन्ही पूर्ण वर्ग, म्हणून दोन्ही फुटतात. रंधांनी वर सांगितलेली विवेचकाची कसोटी आणि पायथागोरस, एवढंच भांडवल.

उलटही खरं आहे. दोन्ही चिन्हांनी फुटणारी अशी कोणतीही त्रिपदी घ्या, तिच्यामागे पूर्णांक बाजूंचा काटकोन त्रिकोण असतोच. म्हणजे अशी गणितं अगणित आहेत. तुमचे १० आणि २४ म्हणजे ६, ८, १० चा त्रिकोण, तुमचा अंदाज बरोबर होता. पुढचा ८, १५, १७ लेकीला करू द्या.


निशिगंधा_प

केलं तिनं. कर्ण १७, क्षेत्रफळ ६०.
(क्ष + ५)(क्ष + १२) आणि (क्ष + २०)(क्ष − ३).
उद्या वर्गात बाईंना विचारणार आहे की क्ष² + १७क्ष च्या पुढे कोणती संख्या लिहिली म्हणजे दोन्ही चिन्हांनी फुटेल. मी म्हटलं, जपून विचार.


टेक्सासमाय

माझ्या मुलाला २०, २१, २९ दिला. कर्ण २९, क्षेत्रफळ २१०. त्याने मूळ अवयवांची युक्ती लावली: २ × ३ × ५ × ७, आणि २९ ला यातल्या कशानेच भाग जात नाही. म्हणून चारही वेगवेगळे वाटायचे. १४ आणि १५ मिळाले. उणे असताना ३५ आणि ६. घसरवणं नाही, भागणं नाही, खूश आहे.


मूळसंख्या

झकास. एक अवांतर टाकून थांबतो. या जोड्यांमधलं शेवटचं पद, ६, २४, ३०, ६०, २१०, हे कधीच पूर्ण वर्ग नसतं. आणखी कितीही त्रिकोण घ्या, कधीच नाही. कारण पूर्णांक बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचं क्षेत्रफळ वर्गसंख्या असू शकत नाही. हे सतराव्या शतकातला फ्रेंच गणितज्ञ फर्मा यानं सिद्ध केलंय, आणि त्याची जी मोजकी संपूर्ण सिद्धता आपल्या हाती आहे त्यातली ही एक. समजा असा त्रिकोण आहे, तर त्याच्यावरून त्याहून लहान तसाच त्रिकोण काढता येतो, त्यावरून आणखी लहान, आणि पूर्णांक तर असे अखंड लहान होत जाऊ शकत नाहीत.


सरळवाकडा

म्हणजे क = ३६ धरून मी रात्रभर ब शोधत होतो ते? हा प्रतिसाद काल टाकायला काय झालं होतं?